उन्हाळी डोंगरवाट आणि सोबतचा कुत्रा

बेंगळुरूभोवतीचे बहुतेक डोंगर उघड्या ग्रॅनाइटचे आहेत. उन्हाळ्यात त्यांवर कुत्र्याला घेऊन चढायचे, तर चढ किती मोठा यापेक्षा वाटेची अवस्था कशी आहे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. शहरातल्या राजाजीनगरातून पाहिले तर हे डोंगर फार लांब नाहीत. मागडी रस्त्याने पश्चिमेला गेले की सावनदुर्ग येतो. यशवंतपूरवरून तुमकुरू रस्ता धरला की शिवगंगा आणि पुढे देवरायनदुर्ग लागतो. उत्तरेला नंदी आणि त्याच्या शेजारचा स्कंदगिरी. गाडीने दीड-दोन तासांत यांपैकी कोणत्याही पायथ्याशी पोहोचता येते, त्यामुळे शनिवार-रविवारी पहाटे कुत्र्याला गाडीत घालून निघणारी मंडळी या भागात बरीच आहेत. त्यांत सह्याद्रीत गडकोट पायाखाली घातलेली मराठी मंडळीही असतात. मात्र सह्याद्रीतला अनुभव इथे जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण पायाखालचा दगडच वेगळा आहे.

कातळाचा स्वभाव

महाराष्ट्रातला सह्याद्री बहुतांशी बेसॉल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो तयार झाला. म्हणून त्याच्या अंगावर पायऱ्यांसारखे टप्पे, मधली पठारे, कारवीची रानं आणि मातीच्या पायवाटा आढळतात. सावनदुर्ग आणि रामनगरचे डोंगर ज्या ग्रॅनाइटच्या पट्ट्यात येतात, त्याचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे आहे. भूशास्त्रात हा पट्टा ‘क्लोजपेट ग्रॅनाइट’ म्हणून ओळखला जातो. रामनगरचे जुने नाव क्लोजपेट होते, त्यावरून हे नाव पडले. हा खडक जमिनीखाली खोलवर थिजला आणि वरचे थर झिजून गेल्यावर उघडा पडला. वरचा भार हटला की असा खडक फुगतो आणि कांद्यासारखे त्याचे पापुद्रे सुटत जातात. त्यातूनच गुळगुळीत पाठीचे, घुमटाच्या आकाराचे हे डोंगर घडले.

चालणाऱ्याच्या दृष्टीने याचे तीन परिणाम होतात. पहिला, सावली जवळजवळ नसते. माती फक्त खोबणीत आणि भेगांत साठते, त्यामुळे झाडे पायथ्याला आणि मधल्या घळीत, वर नुसता कातळ. दुसरा, उतार सलग असतो. सह्याद्रीत एखाद्या टप्प्यावर टेकून दम घेता येतो, इथे शंभर-दीडशे पावले एकाच तिरक्या पाठीवर चालावे लागते. तिसरा, सुटलेल्या पापुद्र्यांचा चुरा आणि ग्रॅनाइट कुजून झालेली जाडी वाळू कातळावर पसरलेली असते. हा घसारा बुटाखाली सरकतो तसाच पंजाखालीही सरकतो.

ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचे मोठे स्फटिक असतात. कोरड्या कातळावर त्यांच्यामुळे पकड उत्तम मिळते, पण तोच खरखरीतपणा कुत्र्याच्या तळव्यांना किसतो. शहरातल्या फरशीवर आणि सोफ्यावर वाढलेल्या कुत्र्याच्या तळव्यांच्या गाद्या मऊ असतात. कुत्रा उभा असताना त्याच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भाग पुढच्या दोन पायांवर असतो. उतरताना तो आणखी पुढे सरकतो. म्हणून गाद्या सोलवटतात त्या बहुधा पुढच्या पायांच्या, आणि त्याही उतरताना.

ऊन आणि दगडाची वेळ

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. एप्रिल हा इथला सर्वांत उष्ण महिना, आणि त्यात दुपारचे सरासरी कमाल तापमान ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. २४ एप्रिल २०१६ रोजी शहरात ३९.२ अंशांची नोंद झाली. नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला हे आकडे सौम्य वाटतील. पण हवामान खात्याचा आकडा सावलीतल्या हवेचा असतो. उन्हात उघडा पडलेला कातळ हवेपेक्षा पुष्कळ तापतो. हवा ३३-३४ अंशांवर असताना तो ५० अंशांच्या आसपास जाऊ शकतो. ५२ अंशांच्या पृष्ठभागावर मिनिटभर टेकलेली त्वचा भाजू शकते.

डोंगरावर गारवा असतो ही समजूत इथे फारशी उपयोगी पडत नाही. हवा दर किलोमीटर उंचीला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. सावनदुर्गाचा माथा १,२२६ मीटरवर, म्हणजे शहरापेक्षा तीनशेच मीटर उंच आहे. त्या उंचीने मिळतात जेमतेम दोन अंश. नंदीचा माथा १,४७८ मीटरवर आहे, तिथे साडेतीन-चार अंश. वाऱ्यामुळे माणसाला बरे वाटते, पण कुत्र्याचे पोट कातळाच्या अगदी जवळ असते. दगडातून वर येणारी धग त्या थरात सर्वांत जास्त जाणवते. उभ्या माणसाच्या चेहऱ्याला लागणारी हवा आणि कुत्र्याच्या छातीला लागणारी हवा एकाच वाटेवर वेगवेगळी असते.

ग्रॅनाइट उशिरा तापतो आणि उशिरा निवतो, आणि बेत आखताना हीच गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. रात्रभर निवलेला कातळ पहाटे थंडगार असतो. एप्रिल-मेमध्ये बेंगळुरूत सूर्य सहाच्या आसपास उगवतो. आठपर्यंत पूर्वेकडच्या उतारांवर धग सुरू होते, आणि नऊ-साडेनऊनंतर माथ्याजवळचा सपाट कातळ पंजाला सोसत नाही. दुपारी दोन-तीनच्या सुमारास दगड सर्वाधिक तापलेला असतो. संध्याकाळी पाच-सहाला ऊन उतरले, वारा सुटला, तरी दगडात दिवसभराची उष्णता मुरलेली असते. सकाळ चुकली म्हणून संध्याकाळी नेऊ, हा बेत कुत्र्यासाठी चुकीचा ठरतो.

चढण आणि उतरण एकाच वाटेने असली, तरी कुत्र्यासाठी ती एकच वाट नसते. सहाला ज्या कातळावरून तो उड्या मारत चढला, त्याच कातळावरून दहाला त्याला चटके खात उतरावे लागते, आणि तेही दमल्यावर, वजन पुढच्या पायांवर घेऊन. म्हणून वाट चांगली की वाईट, हे चढताना दिसणाऱ्या स्थितीवरून ठरवू नये. उतरण्याच्या वेळी ती कशी असेल, यावरून ठरवावे.

दगड तपासण्याची सोपी रीत अशी : तळहाताची मागची बाजू कातळावर टेकवून सात सेकंद ठेवावी. हात काढून घ्यावासा वाटला, तर ती जागा पंजासाठी योग्य नाही. ही तपासणी घराजवळही करता येते. बेंगळुरूच्या जुन्या वस्त्यांत, राजाजीनगरच्या अनेक रस्त्यांवरही, पदपथावर ग्रॅनाइटच्याच लाद्या बसवलेल्या आहेत. एप्रिलमधल्या एखाद्या निरभ्र दिवशी सकाळी सात, नऊ आणि अकरा वाजता त्याच लादीला हात लावून पाहिला, की डोंगरावरचा दगड कसा तापत जातो याची कल्पना येते.

कुत्र्याचे शरीर उष्णता कशी बाहेर टाकते

माणसाच्या सर्वांगाला घाम येतो आणि तो वाळताना अंग निवते. कुत्र्याच्या घामग्रंथी मुख्यतः तळव्यांत असतात आणि शरीर निववण्याच्या कामी त्यांचा वाटा अगदी थोडा. त्याचा खरा आधार म्हणजे धापणे. जीभ, तोंड आणि नाकाच्या ओल्या अस्तरावरून हवा वेगाने आत-बाहेर जाते, ओल वाळते आणि रक्त थंड होते. हवा कोरडी असेल तर हे काम चांगले होते. हवा दमट असेल तर ओल वाळत नाही. धाप वाढते आणि त्या श्रमानेच शरीर आणखी तापते. वळवाच्या सरीनंतरची सकाळ माणसाला आल्हाददायक वाटली, तरी हवेत दमटपणा असल्यामुळे कुत्र्याला ती कोरड्या सकाळपेक्षा जड जाऊ शकते.

निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या वर गेले की उष्माघाताची अवस्था येते. त्यात आतडी, यकृत, मूत्रपिंड आणि मेंदू यांना इजा होते आणि तासाभराच्या आतही जीव जाऊ शकतो.

सगळे कुत्रे उन्हाला सारखे तोंड देत नाहीत. पग, बुलडॉग, शित्झू यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना धापायलाच जागा कमी असते. त्यांना उन्हाळी डोंगरावर नेऊच नये. हस्की आणि सेंट बर्नार्ड थंड प्रदेशाचे आहेत. लॅब्राडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर उत्साही असतात, पण शहरी घरांत त्यांचे वजन वाढलेले असते, आणि थांबावे हे त्यांना सुचत नाही. गडद रंगाची कातडी जास्त तापते. दाट, दुहेरी केसांचा कुत्रा उन्हाळा आला म्हणून तासून काढू नये, कारण तेच केस उन्हापासून आडोसा देतात. वर्षाच्या आतले पिल्लू, म्हातारा कुत्रा, हृदयाचा किंवा श्वासाचा आजार असलेला कुत्रा यांनी पायथ्याच्या सावलीतच फिरावे.

या हवामानाला सरावलेले कुत्रेही आहेत. रस्त्यावरून घरात आलेले गावठी कुत्रे अंगाने सडपातळ, आखूड केसांचे असतात आणि ऊन बऱ्यापैकी सोसतात. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचा शिकारी कुत्रा तर याच पठाराचा. मुधोळ संस्थानचे मराठा राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीला राजाश्रय दिला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिची जोडी इंग्लंडच्या राजालाही भेट दिली. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळलाही स्थान मिळाले. लांब पाय, खोल छाती आणि अंगावर चरबी नाही, अशी त्याची ठेवण आहे. तरीही मुधोळ दृष्टीवर शिकार करणारा आहे. ससा दिसला की पूर्ण वेगाने सुटतो. अशी धाव एप्रिलच्या उन्हात त्यालाही धोक्याची असते, आणि सुटलेला कुत्रा कातळाच्या कडेशी वेळेत थांबेलच असे नाही.

वाटेवरचे गवत, काटे आणि गोचीड

पायथ्याची झुडपी वाट कातळाइतकी भयंकर दिसत नाही, पण दवाखान्यात नेण्याची वेळ बरेचदा तिथल्याच गोष्टींमुळे येते. मार्चनंतर कुसळी गवत पूर्ण वाळते. त्याच्या प्रत्येक बीला टोकदार सुई आणि मागे पिळाची शेपटी असते. ओल लागली की शेपटीचा पीळ उलगडतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि या हालचालीने सुई जमिनीत रुतत जाते. निसर्गाने ही व्यवस्था बी पेरण्यासाठी केली आहे. तेच कुसळ कुत्र्याच्या बोटांच्या मधल्या मऊ कातडीत, कानात, नाकपुडीत किंवा पापणीखाली शिरले, की तसेच आत सरकत राहते. सुईवरचे केस मागच्या दिशेला वळलेले असल्याने ते आपोआप बाहेर येत नाही. कुत्रा सारखा एकच पंजा चाटू लागला, डोके एका बाजूला कलते ठेवून कान झटकू लागला, किंवा एकाएकी एकामागून एक शिंकू लागला, तर कुसळ गेले असे समजावे. बोटांच्या मध्ये दिसणारे कुसळ चिमट्याने सरळ ओढून काढता येते. कानातले आणि नाकातले पशुवैद्यांकडूनच काढून घ्यावे.

सराटे, बाभळीचे काटे आणि गर्दीच्या डोंगरांवर फुटलेल्या बाटल्यांच्या काचा हे पंजाचे आणखी शत्रू. कुत्रा लंगडला की लगेच थांबून चारही पंजे उलटे करून पाहावेत. ‘थोडे पुढे जाऊन बघू’ म्हटले की काटा खोल जातो.

घाणेरीच्या जाळ्या आणि गुरे चरण्याच्या जागा गोचिडांच्या आवडत्या. गोचीड चावल्याने होणारे एहर्लिकिओसिस आणि बाबेसिओसिस हे रक्ताचे आजार बेंगळुरूच्या पशुवैद्यांना नेहमी पाहायला मिळतात. ताप, अन्न सोडणे, फिकट हिरड्या, गडद लघवी ही लक्षणे डोंगर उतरल्यावर एक ते तीन आठवड्यांनी दिसू शकतात. त्यामुळे त्यांचा संबंध त्या सहलीशी जोडलाच जात नाही. घरी आल्यावर कानाची आतली बाजू, मान, काखा, बोटांच्या फटी आणि शेपटीचे मूळ बोटांनी चाचपून पाहावे. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. चिरडू नये, तिच्यावर तेल किंवा रॉकेल ओतू नये. पश्चिम कर्नाटकातल्या मलनाडकडे जाणाऱ्यांनी तर विशेष जपावे. सिंधुदुर्गात माकडताप म्हणून ओळखला जाणारा क्यासनूर जंगलताप १९५७ मध्ये प्रथम तिथल्याच शिवमोग्गा जिल्ह्यात आढळला. तो गोचिडांतून माणसाला होतो आणि उन्हाळ्यासकट कोरडे महिने हाच त्याचा हंगाम. कुत्र्याच्या अंगावरून गोचीड घरात येऊ शकते.

पाणी

उन्हाळ्यात या डोंगरांवर पिण्याजोगे पाणी नसते असेच धरून चालावे. कातळातल्या खळग्यांत आणि जुन्या टाक्यांत वळवाचे पाणी साचते, पण ते उथळ, कोमट आणि हिरवट असते. अशा पाण्यात वाढणाऱ्या नीलहरित शेवाळाच्या काही जाती विषारी असतात. उंदीर आणि गुरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतूही येतात. कुत्र्याला तहान लागण्याआधीच सोबतचे पाणी पाजत राहिले, म्हणजे तो डबक्याकडे ओढ घेत नाही.

साध्या दिवशी कुत्र्याला वजनाच्या दर किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. म्हणजे २५ किलोच्या लॅब्राडॉरला घरी बसूनही दीड लिटरपर्यंत. उन्हात चढताना ही गरज दुपटीच्याही पुढे जाऊ शकते. तीन तासांच्या चढ-उतारासाठी एकट्या कुत्र्याचे दोन लिटर पाणी वेगळे घ्यावे आणि अंगावर ओतायला आणखी एक लिटर. दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबून थोडे थोडे पाजावे. एका दमात पोटभर पाणी आणि लगेच पुढची चढण असे होऊ देऊ नये. पोटभर खाणेही निघण्याच्या दोन-तीन तास आधी आटोपलेले असावे.

सावनदुर्गाच्या जवळ अर्कावती नदीवरचा मंचनबेले जलाशय आहे. तापलेल्या कुत्र्याला तिथे डुंबवण्याचा मोह होतो, पण पाणी एकाएकी खोल होते. अशा अनोळखी पाण्यात कुत्र्यानेही उतरू नये आणि त्याच्यामागे माणसानेही.

वळीव आणि ओला कातळ

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग दाटून येतात आणि वादळी सरी कोसळतात. आंब्याच्या दिवसांतल्या या सरींनी शहर निवते, डोंगरवाट मात्र काही मिनिटांत बदलते. कातळावरून पाणी वाहून जाणाऱ्या जागांवर काळे पट्टे असतात. ते सूक्ष्म शेवाळाचे थर आहेत. कोरडे असताना त्यांवर पाय ठरतो, ओले झाले की ते बुळबुळीत होतात. चार पाय असूनही कुत्रा अशा पट्ट्यावरून घसरतो, आणि कमरेला पट्टा बांधलेला माणूस त्याच्याबरोबर ओढला जातो. पट्टा हातात धरावा, तिरक्या कातळावर कमरेला बांधू नये. छातीभोवती बसणारा आणि पाठीवर मूठ असलेला हार्नेस असेल तर कुत्र्याला आधार देता येतो. नुसत्या गळपट्ट्याने ओढले तर गळा आवळतो.

विजा चमकू लागल्यावर उघडा घुमट ही सर्वांत वाईट जागा. अशा वेळी माथ्याचा हट्ट न धरता खाली उतरावे, एकट्या झाडाखाली किंवा कातळाच्या टोकाशी थांबू नये. दुपारच्या आत पायथा गाठण्याला चटक्यांइतकेच हेही कारण आहे.

रानातले रहिवासी

सावनदुर्ग, रामनगर आणि देवरायनदुर्ग या टापूत बिबटे आणि अस्वले आहेत. वस्तीजवळच्या बिबट्याच्या आहारात कुत्र्याला मोठे स्थान आहे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्यांच्या एकूण भक्ष्याच्या वजनात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के आढळला. अंधारात किंवा झुंजुमुंजू असताना झुडपातून मोकळा धावणारा कुत्रा बिबट्याच्या नजरेत सहज येतो. म्हणून पहाटे पायथ्याशी पोहोचावे, पण झाडीत शिरावे ते दिसू लागल्यावर, आणि पट्टा हातात ठेवून. अस्वलाची गोष्ट वेगळी. कुत्रा भुंकत त्याच्या अंगावर जातो, अस्वल चवताळते, कुत्रा मालकाकडे पळतो आणि अस्वल त्याच्या मागोमाग येते.

कड्यांवर आग्या मोहोळे लटकलेली असतात. माश्या उठल्या तर कुत्र्याला कधीही बांधून ठेवू नये. त्याला सोबत घेऊन धावत सुटावे. घोणस, फुरसे, नाग आणि मण्यार हे चारही प्रमुख विषारी साप या पठारावर सापडतात. दगडाच्या फटीत नाक खुपसणाऱ्या कुत्र्याला दंश होतो तो तोंडावर किंवा पुढच्या पायावर. जखम चिरणे, चोखणे, आवळून बांधणे यांतले काहीही करू नये. कुत्र्याला चालवू नये, उचलून खाली आणावे आणि सर्पविषावरचे प्रतिविष असलेला पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. निघण्याआधीच तो कुठे आहे हे विचारून ठेवावे.

पायथ्याच्या गावांतली कुत्री आपली हद्द राखतात. तिथे शेळ्या-कोंबड्याही मोकळ्या असतात. रेबीज, पार्व्हो, डिस्टेंपर आणि लेप्टोस्पायरोसिस या लसी वेळेवर झालेल्या नसतील तर कुत्र्याला डोंगरावर नेऊच नये.

कोणता डोंगर, कोणती वाट

सावनदुर्ग हा राजाजीनगरकरांना सोयीचा, पण कुत्र्यासाठी सर्वांत कठीण. करिगुड्ड आणि बिळिगुड्ड अशी त्याची दोन शिखरे. चढण असते ती करिगुड्डवर. डिसेंबर १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याने हा किल्ला टिपू सुलतानाकडून घेतला. त्याच्या तटबंदीचे अवशेष वाटेवर लागतात आणि माथ्यावर नंदीचा मंडप आहे. तट सोडले तर वाट जवळपास पूर्णपणे उघड्या, तीव्र उताराच्या कातळावरून जाते. सरावलेला, हलका कुत्रा हिवाळ्यात चढतो. एप्रिल-मेमध्ये मात्र पहिल्या तटापर्यंत जाऊन परतणे शहाणपणाचे.

शिवगंगा १,३०० मीटरहून उंच आहे. वाट बरीचशी पायऱ्यांची, काही ठिकाणी अरुंद आणि कठड्यांची. हे तीर्थक्षेत्र आहे. वाटेवर गंगाधरेश्वर आणि होन्नादेवी यांची मंदिरे आहेत, भाविकांची रीघ असते आणि माकडांच्या टोळ्या असतात. माकडे पाहून कुत्रा खवळतो आणि अरुंद पायऱ्यांवर भाविकांना अडचण होते. कुत्र्याला नेण्याची ही जागा नव्हे. देवरायनदुर्गाला झाडी आणि सावली आहे, पण तिथेही नरसिंहाची देवस्थाने, माकडे आणि बिबट्याचा वावर आहे. तिथे गाडीरस्त्याच्या कडेने, पट्ट्याने फिरवणे एवढेच योग्य.

रामनगरच्या रामदेवर बेट्टावर, जिथे ‘शोले’चे चित्रीकरण झाले, २०१२ पासून गिधाडांसाठी राखीव अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याखालील अभयारण्यांत आणि राष्ट्रीय उद्यानांत पाळीव कुत्र्याला नेता येत नाही. कुत्र्यांमुळे रानातल्या प्राण्यांना रोग लागतात आणि घरट्यांना उपद्रव होतो, म्हणून हा नियम मनापासून पाळावा. बाकीचे बरेच डोंगर वनविभागाच्या ताब्यात आहेत. अनेक वाटांसाठी आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. नोंदणी करतानाच कुत्र्याला परवानगी आहे का हे विचारावे, म्हणजे नाक्यावरून परत फिरावे लागत नाही. परवानगी नाही म्हणून कुत्र्याला गाडीत बंद करून वर जाणे हा तर जीवघेणा प्रकार. बाहेर ३० अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत तापमान ४० अंशांच्या आसपास जाते, काच थोडी उघडी असली तरीही.

तयारी आणि उष्माघातावरचे उपाय

तयारी घरापासून सुरू होते. निदान दोन-तीन आठवडे रोज सकाळी सातच्या आत फेरी वाढवत न्यावी. कधी लाद्यांवरून, कधी मातीवरून, कधी पायऱ्यांवरून चालवले की गाद्या घट्ट होतात आणि शरीरही उष्णतेला थोडे सरावते. पंजांचे बूट वापरायचे असतील तर त्यांची सवय घरातच लावावी. डोंगरावर प्रथमच घातलेले बूट कुत्रा ओढून काढतो किंवा त्यांत घसरतो. नखे योग्य लांबीची असावीत. पाणी, वाटी, चिमटा, पट्टी, जंतुनाशक आणि कुत्र्याला उचलून आणता येईल अशी एक मजबूत चादर एवढे सामान पुरते. २५ किलोचे जनावर तिरक्या कातळावरून एकट्याने खाली आणता येत नाही. म्हणून सोबत दुसरा माणूस असावा.

थकवा आणि उष्माघात यांतली रेषा बारीक असते. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबणे, सावलीत बसूनही पाच-दहा मिनिटांत धाप कमी न होणे, लाळ घट्ट आणि चिकट होणे, हिरड्या गडद लाल होणे, हाक मारली तरी लक्ष न देणे ही सुरुवातीची चिन्हे. झोकांड्या, उलटी, रक्ताचे जुलाब आणि कोसळणे ही पुढची. पहिले चिन्ह दिसताच चढण थांबवावी. उष्माघात झाला तर आधी थंड करावे आणि मग हलवावे. सावलीत घ्यावे, आहे ते सगळे पाणी मान, छाती, पोट आणि मांड्यांवर ओतावे आणि पुठ्ठ्याने, टोपीने, जे हाती असेल त्याने वारा घालावा. कुत्र्यापेक्षा थंड असलेले कोणतेही पाणी चालते, बर्फाची वाट पाहू नये. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये, त्याखाली उष्णता कोंडते. शुद्धीत असेल तर पाणी समोर ठेवावे, बळेच तोंडात ओतू नये. नंतर दवाखान्यात न्यावे. बेंगळुरूत हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे आणि शहरात खासगी दवाखानेही पुष्कळ आहेत. कुत्रा उठून चालू लागला तरी तपासणी टाळू नये, कारण मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याचे बिघाड एक-दोन दिवसांनी उघड होतात.

या डोंगरांवर कुत्र्यासोबत जाण्याचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कातळ थंड असतो, हवा कोरडी असते आणि विजांचे भय नसते. एप्रिल-मेमध्ये जायचेच असेल तर दिसू लागताच चढायला सुरुवात करावी, पाण्याचा अर्धा साठा उतरण्यासाठी राखावा आणि माथा आला नसला तरी आठला परत फिरून नऊच्या आत कातळ सोडावा. चटके बसले, दम लागला तरी कुत्रा आपल्या माणसाच्या मागे चालतच राहतो. परत फिरायचे कधी, हे त्याच्या वतीने माणसानेच ठरवायला हवे. एवढे जमणार नसेल, तर त्या दिवशी त्याला घरी गार फरशीवर राहू द्यावे.